बिनपरवान्याची तारीख

थ्री-नॉट-थ्री रायफलीचा सन वाचायचा असेल तर तिची उजवी बाजू आपल्याकडे हवी. बोल्टची मूठ जिथे खाली वळते त्याच्या मागे, लाकडी दस्ता सुरू होण्याआधी, दोन बोटं रुंदीचा लोखंडी भाग असतो. त्यावर सगळ्यात वर मुकुट, खाली राजाची आद्याक्षरं, मग कारखान्याचं नाव, मग सन आणि तळाला नमुना. एन्फील्ड, बी.एस.ए., लंडनची एल.एस.ए., ऑस्ट्रेलियातलं लिथगो आणि आपलं हुगळीकाठचं इशापूर, एवढ्या नावांपैकी एखादं तिथे असतं. रायफल धरली की हाताचा पंजा नेमका याच जागी येतो. म्हणून फार हाताळलेल्या रायफलीचा सन पुसट होत जातो. जिचा सन ठसठशीत दिसतो ती बहुधा कोतमध्ये, म्हणजे शस्त्रकोठारातच, उभी राहून म्हातारी झालेली असते, असा माझा अनुभव आहे.

हे वाचन मी शिकलो जळगावात, कॉलेजातल्या एन.सी.सी.त. आम्हाला मिळायच्या त्या रायफली कवायतीपुरत्या. लाकडावर डी.पी. ही अक्षरं, नळीला भोक पाडलेलं, आतली पिन कापलेली. गोळी सुटायची नाही, पण वजन मात्र पुरतं चार किलो, आणि ते खांद्यावर घेऊन जळगावच्या उन्हात ‘बाजू शस्त्र’ करताना ती मेलेली आहे याचा काही फायदा व्हायचा नाही. परेड संपली की सावलीत बसून चिंदी आणि तेल घेऊन सफाई. एकदा तेलाचा हात फिरवताना माझ्या रायफलवर आकडे वर आले: १९१७. शेजारच्या मुलाच्या रायफलवर इशापूर, १९४३. पहिलं महायुद्ध हे तोवर माझ्या दृष्टीने परीक्षेला हमखास येणारं प्रकरण होतं. ते असं तेलकट होऊन मांडीवर येऊन पडेल असं वाटलं नव्हतं. उस्तादांना विचारलं तर ते म्हणाले, नंबर पाठ कर, सन नको. रायफल हरवली तर नंबर विचारतात.

ते बरोबरच होतं. तरी मी सन लिहून ठेवायला लागलो.

पुढे कळलं की जगात या तारखांचे रीतसर संग्राहक आहेत. अमेरिकेत तर पुष्कळच. एक कारखाना धरायचा आणि त्याचं प्रत्येक वर्ष मिळवायचं, मधलं एकही गाळायचं नाही, हा त्यांचा खेळ. या रायफलीचा मार्क थ्री हा नमुना ब्रिटिश लष्कराने २६ जानेवारी १९०७ रोजी स्वीकारला (तारखेचा योगायोग फक्त आपल्यालाच लागू). युद्ध लागल्यावर १९१६ मध्ये त्यातले नखरे काढून टाकले: एकेक गोळी भरून मारण्यासाठी मॅगझिन बंद करणारी पट्टी गेली, लांब पल्ल्याचा नेम धरायला बाजूला बसवलेली सोय गेली. या साध्या केलेल्या नमुन्याच्या नावापुढे एक तारा ठोकला. कुठे तारा आहे, कुठे नाही, कुठे ठोकून मग खोडलेला आहे, यावर ही मंडळी तासन्‌तास बोलू शकतात. मी त्यांना हसत नाही. शिवजन्माच्या तिथीवरून महाराष्ट्राने पिढ्यानपिढ्या काय केलं ते आठवावं.

पण कुठली तारीख दुर्मिळ, कुठली स्वस्त, हा हिशेब पहिल्यांदा समजला तेव्हा मी जरा थबकलो. १९१५ ते १९१८ या वर्षांचा माल अफाट आहे. कारखाने तिन्ही पाळ्या चालत होते, लाखांनी रायफली बाहेर पडत होत्या. युद्ध संपलं, मागणी आटली, आणि पुढच्या दोन दशकांत एन्फील्डसारख्या कारखान्यातून फार थोडा माल निघाला. मग पुन्हा १९४० पासून धडाका. म्हणजे संग्राहकाच्या बाजारात महायुद्धाचं वर्ष पैशाला पासरी, आणि ज्या वर्षी जगाला बंदुकीची गरज कमी वाटली ते वर्ष महाग. हा भाव कोणी ठरवून लावलेला नाही, कोणाला त्यात काही सांगायचंही नाही. तरी विसाव्या शतकाचा इतका नेमका ताळेबंद मला दुसऱ्या कुठल्या वहीत भेटलेला नाही, आणि मी आयुष्यभर बँकेत ताळेबंदच पाहिले.

आपल्याकडे हा छंद या रूपात जन्मालाच येऊ शकत नाही. थ्री-नॉट-थ्री हे लष्कराचं बोअर, म्हणून खासगी माणसाला ते प्रतिबंधित. शिकारीची हौस असलेल्यांसाठी इशापूरनेच .३१५ ची रायफल काढली. बोल्टची घडण त्याच घराण्यातली, गोळी मात्र वेगळी, म्हणून तिला परवाना मिळतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली एका माणसाला तीन हत्यारं ठेवता येत. २०१९ च्या दुरुस्तीने ती दोनवर आली. दोन वस्तूंच्या संग्रहाला संग्रह म्हणत नाहीत, जोडी म्हणतात. जे हत्यार दुरुस्त करूनही चालणार नाही अशा जुनाट वस्तूला कायद्याच्या पंचेचाळिसाव्या कलमात सूट आहे. आता १९१७ ची रायफल शंभरी ओलांडून गेली, तेव्हा वयाच्या हिशेबाने ती पुरावस्तूच्या पंगतीत बसायला हरकत नाही. पण गोळी सुटते तोवर ती हत्यारच. याच्याही मागे लिटनसाहेबाचा १८७८ चा कायदा आहे. त्याने हत्यार बाळगणं ही सरकारी मेहेरबानी करून टाकली. सातपुड्याच्या पायथ्याला, रावेर-यावलकडे, रानडुकरांपासून पीक वाचवायला परवान्याची ठासणीची बंदूक ठेवणारे शेतकरी असतात. निवडणूक लागली की तीही पोलीस ठाण्यात जमा.

मग उरते ती तारीख. बंदुकीचा परवान्याशिवाय घरी नेता येईल असा तेवढाच भाग.

माझी नोकरी या कामाला सोयीची ठरली. करन्सी चेस्ट असलेल्या शाखेत पोलीस गार्ड असतो, आणि माझ्या काळात गार्ड म्हणजे थ्री-नॉट-थ्री. जळगाव आणि धुळे या दोन्ही ठिकाणी माझ्या वाट्याला चेस्ट आली. बँकेचे स्वतःचे पहारेकरी माजी सैनिक, त्यांच्याकडे बारा बोअरची दुनळी. तिच्यात मला रस नव्हता. गार्डची पाळी बदलली की मी चहाच्या निमित्ताने बाहेर येई. फोटो काढायचा प्रश्नच नव्हता, आणि तो कधी काढूही नये. नजरेने सन टिपायचा, आत येऊन डायरीत लिहायचा. नंबर कधीच लिहिला नाही. ते पथ्य मी पहिल्यापासून पाळलं, कारण नंबर हा त्या खात्याचा, सन सगळ्यांचा.

धुळ्याला एका हवालदारांनी मला पकडलंच. ‘काय लिखी राहिनात साहेब?’ मी खरं सांगितलं. ते हसले. ‘सननं काय लोनचं घालनं शे का?’ दुसऱ्या दिवसापासून मात्र पाळीवर कोणती रायफल आली आहे ते आपणहून सांगायला लागले. ‘आज सोळानी शे.’ एकदा एक नवखा शिपाई भलत्याच ओळीकडे बोट दाखवून नमुन्याचा आकडा सांगायला लागला, तेव्हा त्यांनीच त्याला सन कुठे असतो ते शिकवलं. छंद असा लागतो. औषध नाही.

खंडेनवमी-दसऱ्याला पोलीस मुख्यालयात शस्त्रपूजन असतं. ओळीने मांडलेल्या रायफली, झेंडूच्या माळा, हळद-कुंकू. कुंकू पुष्कळ होतं, ते ठशाच्या खाचांत बसतं, वरचं पुसलं जातं, आणि एरवी दिसत नसलेला सन तांबडा होऊन उठून दिसतो. परदेशातले संग्राहक याच कामाला खडू वापरतात. मला एकदा अशा पूजेत अगदी गेलेला, केवळ स्पर्शाला कळेल असा एक सन कुंकवाने वाचून दिला. बी.एस.ए.चा, १९१८. बर्मिंगहॅममध्ये ज्याने तो ठोकला त्याच्या स्वप्नातही हे आलं नसेल.

पण सन म्हणजे तरी कोणाचा? रायफल ही एका दिवसात जन्मलेली वस्तू नाही. सांगाड्यावर एक साल, नळीवर दुसरं, कारण नळ्या झिजतात आणि बदलतात. भारतात पुन्हा नवी केलेल्या रायफलींवर दुरुस्तीचं तिसरं साल असतं. लाकूड फाटू नये म्हणून इशापूरने त्यात आडवा स्क्रू मारलेला असतो, ग्रेनेड फेकायला वापरलेल्या काहींच्या पुढच्या लाकडावर तांब्याची तार गुंडाळलेली असते. बोल्ट तर कुठल्याही भावंडाचा. सोळा सालचा सांगाडा, त्रेचाळीसची नळी, पन्नाशीतली दुरुस्ती. आता हिला किती वर्षांची म्हणणार? सगळं मूळचं, एकाच सालचं हवं, असा शुद्धतावाद्यांचा आग्रह असतो. मला तो पटत नाही. मला ती तीन सालांचीच आवडते.

धुळ्यात असताना रविवारी राजवाडे संशोधन मंडळात जाऊन बसायची सवय लागली. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यातच गेले, आणि त्यांच्यामागे लगेच, १९२७ च्या सुरुवातीला, हे मंडळ उभं राहिलं. मराठ्यांच्या इतिहासाची साधनं गोळा करताना त्या माणसाने निम्मं आयुष्य ज्या गोष्टीशी झगडण्यात घालवलं ती म्हणजे सन नसलेली पत्रं. पेशवाईतल्या पत्राला चंद्र असतो, महिना असतो, कित्येकदा वारही असतो, साल नसतं. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला ते माहीतच होतं. मग मजकुरातून काढायचं: कोणाचं लग्न, कोणाचा तळ कुठे, धान्याचा भाव काय, यावरून वर्ष बसवायचं. माझ्या रायफलींचं नेमकं उलट. साल स्वच्छ, आणि मजकूर काहीच नाही. राजवाड्यांना पत्र हाती लागायचं आणि तारीख शोधावी लागायची. माझ्याकडे तारीख आहे, पत्र नाही.

तो मजकूर शोधायला गेलं की खानदेशात फार लांब जावं लागत नाही. १८२५ साली औट्रमने धरणगावला भिल्ल कोअर उभी केली. डोंगरातल्या माणसांच्या हाती सरकारने सरकारची बंदूक द्यायचा तो प्रयोग. पुढे सत्तावनच्या धामधुमीत सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा खाज्या नाईक उलटला, त्याने सरकारी खजिना लुटला, आणि ११ एप्रिल १८५८ ला आंबापाणीला मोठी लढाई झाली. सत्तावनच्या उठावाने इंग्रजांना जो धडा मिळाला तो कागदोपत्री नाही तर नळीत लिहिलेला आहे. गोऱ्या पलटणीच्या एन्फील्डला आतून आटे होते, म्हणून तिची गोळी लांब आणि नेमकी जाई. देशी पलटणीसाठी त्याच आकाराची बंदूक आतून गुळगुळीत करून काढली. पुढे गोऱ्यांना नवीन हत्यार आलं की त्यांचं जुनं आमच्या शिपायाकडे, अशी एका पिढीने मागे ठेवण्याची रीतच पडली. पोलिसांसाठी तर इशापूरने थ्री-नॉट-थ्रीचीच, म्हणजे ली-एन्फील्डची, .४१० ची मस्केट केली. मॅगझिनच्या जागी लाकडाचा ठोकळा. एक गोळी भरा, मारा, पुन्हा भरा. दहा गोळ्यांची रायफल घेऊन तिच्या पोटात लाकूड ठोकणारं सरकार आपल्याच पोलिसाकडे काय नजरेने बघत होतं, हे वेगळं सांगायला नको. त्या मस्केटीच्या सांगाड्यावरही सन असतोच, आणि मुकुटही.

९ सप्टेंबर १९४२ ला नंदुरबारला, तेव्हाच्या पश्चिम खानदेशात, पोलिसांच्या गोळीबारात शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार साथीदार गेले. शिरीषकुमार पंधरा वर्षांचा होता. नंदुरबारच्या माणिक चौकात त्यांचं स्मारक आहे. १४ एप्रिल १९४४ ला धुळे-नंदुरबार वाटेवर, चिमठाण्याजवळ, क्रांतिकारकांनी सरकारी खजिना लुटला, साडेपाच लाखांवर रक्कम. (खजिना अडवण्याच्या बाबतीत आमच्या भागाला परंपरा आहे, चेस्टचा अधिकारी म्हणून मी हे काळजीपूर्वक लिहितो आहे.) राज्य बदललं म्हणून कोतमधली हत्यारं कोणी बदलत नाही. मुकुटाच्या ठशाची रायफल १५ ऑगस्टच्या आदल्या रात्री ज्या घोडीवर होती त्याच घोडीवर दुसऱ्या दिवशी होती, आणि पुढे कित्येक वर्षं तिने ध्वजवंदनाला सलामी दिली. माझ्या डायरीत बेचाळिसच्या आधीचे सन पुष्कळ आहेत. त्यांच्यापुढे मी कधी काही लिहिलं नाही, आणि लिहावं असं वाटलं तेव्हा हात आखडता घेतला. कुठली रायफल कुठे होती हे ठाऊक नसताना तिच्यावर इतिहास चढवणं मला चोरीसारखं वाटतं. संग्राहकांच्या जगात अशी चोरी सर्रास चालते. ‘ही अमुक लढाईतली’ म्हटलं की किंमत दुप्पट. ठसा एवढंच म्हणतो की त्या साली एका तपासनिसाने ही बघितली आणि पास केली. त्यापुढचं त्याने अंगावर घेतलेलं नाही.

रायफल इशापूरची, पण गोळीच्या बाबतीत महाराष्ट्र मागे नाही. खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ चा. थ्री-नॉट-थ्रीच्या जुन्या पुंगळ्यांच्या बुडावर के. आणि एफ. ही अक्षरं आणि सालाचे दोन आकडे दिसतात ते त्याचे. १९६२ ला चीनपुढे आमचा जवान याच बोल्टच्या रायफलीने लढला, आणि त्या पराभवानंतर जी धावपळ झाली त्यात आमच्या जिल्ह्यात वरणगावचा कारखाना आला. भुसावळचा आधीपासून होताच. वरणगावच्या काडतुसाच्या बुडावर ओ.एफ.व्ही. आणि साल. तिकडे इशापूरनेही त्याच दशकात जुन्या घाटाचीच, पण ७.६२ ची गोळी घेणारी रायफल काढली. ही थ्री-नॉट-थ्रीचीच नळी बदलून केलेली आहे असं परदेशात बरेच जण समजतात. ते खोटं, तिचं पोलाद वेगळं आणि अधिक दमाचं आहे. जुनीच्या नेम धरायच्या पट्टीवर दोन हजार यार्डांपर्यंत खुणा होत्या. नवीच्या सुधारलेल्या आवृत्तीवर आठशे मीटरला थांबल्या. साठ वर्षांनी कोणीतरी खरं बोललं.

माझे एक मामा वरणगावला होते. भोंगा झाला की सायकलींचा लोंढा फाटकातून बाहेर पडायचा, प्रत्येकाची झडती होऊन. साल बदललं की ठसा कधी बदलतात, एक जानेवारीला की आधीचा माल संपल्यावर, एवढंच मला हवं होतं. मामा जेवताना वर बघून म्हणाले, ‘कारे भो, दुसरा काही विषय नाही का तुले?’ निवृत्तीनंतरही त्यांनी सांगितलं नाही. मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे.

ज्यावर सन नाही अशी हत्यारंही आमच्याकडे आहेत. सातपुड्यापलीकडून येणारा गावठी कट्टा पकडल्याची बातमी जळगावच्या पेपरात नसेल असा आठवडा विरळा. ‘एक गावठी पिस्तूल, दोन जिवंत काडतुसं जप्त.’ कारागिरी कधीकधी चकित करणारी असते म्हणतात. पण त्यावर नाव नाही, गाव नाही, साल नाही. कारण उघड आहे: ज्याने केलं त्याला सापडायचं नाही. हे लक्षात आल्यापासून सरकारी ठशाकडे मी जरा वेगळ्या नजरेने बघतो. मुकुट असो, सिंह असो, ‘हे मी केलं, अमुक साली केलं’ असं लोखंडावर लिहून देणं याला काही एक धीटपणा लागतो. इंग्रजांकडे तो होता, हे नाकारून चालणार नाही. अर्थात, जाब विचारणारं कोणी नसलं की धीट होणं सोपं असतं.

आता थ्री-नॉट-थ्री दिसेनाशी झाली. एस.एल.आर. आली, इन्सास आली, चेस्टवरचे गार्डही बदलले. माझी डायरी माझ्यानंतर कोणाच्याही उपयोगाची नाही. नाण्यांचा छंद असलेले माझे एक स्नेही मला याबद्दल टोचतात. त्यांच्याकडे १९३९ चा जॉर्जचा चांदीचा रुपया आहे, ज्याच्यासाठी लोक वेडे होतात. आणि १८६२ चे रुपये आहेत, जे टांकसाळीने तोच सन ठेवून पुढे बारा-एक वर्षं पाडले आणि खरं वर्ष नक्षीतल्या ठिपक्यांत दडवलं. ते ठिपके भिंगाखाली मोजत बसतात आणि मला म्हणतात, तुझ्या तारखा विकणार कुणाला? मी म्हणतो, तुझा रुपया तरी कुठे विकतोस.

एक जागा मात्र रिकामी आहे. १९४८ च्या जूनमध्ये इंग्लंडच्या राजाने ‘हिंदुस्थानचा बादशहा’ ही पदवी सोडली. रायफलीवर मुकुटाखाली असलेल्या जी.आर.आय. मधला आय. म्हणजे हीच पदवी. तरी त्या सालची, मुकुट आणि ही तिन्ही अक्षरं शाबूत असलेली इशापूरची रायफल मी धुळ्यात स्वतः पाहिली आहे. बादशहा गेला, ठोकणाऱ्याच्या हातातला ठसा तोच राहिला. पन्नाशीतल्या रायफलींवर सारनाथचे सिंह बघितले आहेत. १९४९ ची अजून बघायची आहे. कोणाच्या नजरेला पडली तर वर मुकुट आहे की सिंह, एवढंच कळवा. नंबर कळवू नका, उगाच दोघांच्याही मागे चौकशी लागायची.